खाडा पडला तर भरून काढू नका

एखाद्या संस्थेसाठी मुंबई मॅरेथॉनची फुल, म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटर, पळायचं ठरलंय, शूज आहेत, रविवारी दहा किलोमीटर न थांबता होतात, एवढं मी गृहीत धरते. तसं नसेल तर यंदा हाफ, म्हणजे निम्मं अंतर, पळा. संस्थेला देणगी तेवढीच मिळते.

पहिलं काम, कॅलेंडर काढा. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून वीस आठवडे मागे मोजले की तुम्ही सप्टेंबरच्या तोंडाशी येता. म्हणजे सरता पाऊस, गणपती, नवरात्र, ऑक्टोबरचा उकाडा आणि दिवाळी, सगळं या सरावातच बसवायचं आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या तक्त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. घरातली लग्नं, गावी जाण्याचे दिवस, ऑफिसची धावपळ आधीच लाल पेनाने खोडून टाका.

दुसरं, आठवड्याचे चार दिवस ठरवा. मंगळवार, गुरुवार, शनिवार छोटं पळणं आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यांत लांबचं पळणं. सहा दिवसांचे बेत नोकरी करणाऱ्याने आखूच नयेत. वेळ पहाटेचीच. ‘संध्याकाळी बघू’ म्हणणारा माणूस लोकलमधून उतरल्यावर पळत नाही, घरी जातो.

तिसरं, खाडा. माझं घोडं बरीच वर्षं इथेच अडायचं, म्हणून यावर जरा सविस्तर.

खाडे पडणारच. विसर्जनाच्या रात्री दोन वाजता घरी आलेल्या माणसाने साडेचारला उठून पळावं, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. एक खाडा पडल्याने काहीही बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा आपण हिशेब करायला बसतो. मंगळवारचे आठ बुडाले, गुरुवारचे सहा बुडाले, मग रविवारच्या सोळात मिळवून तीस करू! धाप लागत नाही म्हणून ते जमतंयसं वाटतंही. पण दम लवकर वाढतो. नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर यांना भार सोसायला शिकायला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून चार दिवसांनी नडगी ठणकायला लागते आणि दोन दिवसांच्या खाड्याचे तीन आठवडे होतात.

माझे नियम साधे आहेत आणि त्यांत मी सूट देत नाही. एक-दोन दिवस चुकले तर ते गेले. तक्त्यात आज जे लिहिलंय तेच पळा. आठवडा गेला तर गेलेला आठवडा पुन्हा लिहून काढा, पुढे उडी मारू नका. दोन आठवडे गेले तर शेवटच्या लाँग रनचं अंतर तिसऱ्या हिश्शाने कमी करून सुरुवात करा. ताप येऊन गेला असेल तर तो पूर्ण उतरल्यावरही काही दिवस फक्त चाला. डेंग्यू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच. ‘घाम गाळला की ताप जातो’ म्हणणाऱ्या काकांना नमस्कार करून पुढे व्हा.

आणि घाबरू नका, कारण तुमचे बहुतेक खाडे पहिल्या दहा आठवड्यांत, सणासुदीत पडतात. तिथे फक्त पाया घालायचा असतो. पंचवीस ते बत्तीस किलोमीटरचे खरे लाँग रन दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत येतात, हवाही तोवर बरी झालेली असते. त्या सहा आठवड्यांचे रविवार मात्र कोणालाही देऊ नका. लग्न असेल तर मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा ते आधी विचारा.

सणांचं थोडं. नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास असतील तर लाँग रन अर्धा करा. साबुदाण्यावर वीस किलोमीटरचा हट्ट नको. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी फटाक्यांचा धूर खाली बसलेला असतो, तेव्हा झोपा. ऑक्टोबरात घड्याळातला पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, बघू नका. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय ना, एवढं पुरे.

आता देणग्यांबद्दल, कारण सराव बिघडवणारी दुसरी गोष्ट तीच. ‘सगळ्यांना जाहीर करून टाका, म्हणजे माघार घेता येणार नाही,’ हा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते तो वाईट आहे. चाळीस जणांचे पैसे घेतल्यावर दुखऱ्या गुडघ्यावर पळणारे लोक मी पाहिलेत. देणाऱ्याने पैसे संस्थेच्या कामाला दिलेत, तुमच्या गुरुवारच्या सहा किलोमीटरला नाही. तेव्हा मागताना संस्थेबद्दलच बोला, आणि ग्रुपवर लिंक टाकून बसू नका, एकेकाला फोन करा. नातेवाईक ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या करवजावटीचं, विचारतात. पैसे थेट संस्थेच्या पानावर भरायला सांगा, पावती तिथूनच येते. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही; हे आधीच सांगितलं की मार्चमध्ये फोन येत नाहीत.

पावसात भिजलेल्या शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला.

शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत आणा. या काळात अंगात उगाच जोर आल्यासारखं वाटतं आणि राहून गेलेला एखादा लाँग रन उरकावासा वाटतो. उरकू नका. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला जाताना ओळखपत्र न्या, आणि तिथल्या स्टॉलवर नवे शूज कितीही स्वस्त मिळाले तरी रविवारी पहाटे जुनेच घाला.