हिस्ट्री उडवली तरी सगळं तसंच दिसतंय? या चुका टाळा

क्रोममध्ये जाऊन हिस्ट्री डिलीट केली, सगळे टॅब बंद केले, आणि दुसऱ्या दिवशी यूट्यूब उघडलं तर पहिल्याच ओळीत तेच व्हिडिओ. गूगलवर दोन अक्षरं टाइप केली की जुना शोध खाली हजर. मग लोकांना वाटतं, फोनच बिघडलाय.

फोन बिघडलेला नसतो. आपण काय शोधलं, काय बघितलं, कुठे गेलो याची नोंद एकाच ठिकाणी राहत नाही. ब्राउझरमध्ये एक, गूगल किंवा ॲपलच्या खात्यावर दुसरी, फेसबुक-यूट्यूबसारख्या प्रत्येक ॲपमध्ये आणखी वेगळी, आणि थोडीफार कीबोर्डमध्येही. एका ठिकाणची पुसली म्हणून बाकीच्या ठिकाणची जात नाही. त्यामुळे पुसायच्या आधी नक्की काय घालवायचंय हे ठरवा. ते न ठरवता दिसेल ते डिलीट करणं हीच सगळ्यात मोठी चूक, आणि खालच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच येतात.

ब्राउझर पुसलं, खातं तसंच राहिलं

क्रोममध्ये तीन टिंबांवर टॅप केलं की 'डिलीट ब्राउझिंग डेटा' दिसतं. तिथे आधी कालावधी बघा. तो मुद्दाम बदलला नाही तर बहुतेक वेळा शेवटच्या पंधरा मिनिटांचा किंवा तासाभराचाच असतो. कालचं पुसायचं असतं आणि लोक मागच्या पंधरा मिनिटांचं पुसून निश्चिंत होतात. सगळं घालवायचं असेल तर 'ऑल टाइम' निवडावं लागतं.

एवढं करूनही गूगल खात्यावरची नोंद शिल्लक राहते. ती बघायला फोनच्या सेटिंग्जमध्ये 'गूगल', मग 'मॅनेज युअर गूगल अकाउंट', मग 'डेटा अँड प्रायव्हसी' असं जा. तिथे वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी, टाइमलाइन (कुठे कुठे गेलात याची नोंद) आणि यूट्यूब हिस्ट्री हे तीन वेगवेगळे पर्याय दिसतील. पहिल्यात गूगलवरचे शोध येतातच, शिवाय मॅप्सवर शोधलेली ठिकाणं आणि प्ले स्टोअरवरची शोधाशोधही येते.

इथे एक बारीक गोष्ट सुटते. 'टर्न ऑफ' केलं की पुढची नोंद थांबते, मागची जात नाही. मागचीही घालवायची तर 'टर्न ऑफ अँड डिलीट' निवडायचं. पूर्ण बंद करायचं नसेल तर 'ऑटो-डिलीट' लावा. त्यात ३, १८ किंवा ३६ महिने असे पर्याय असतात. माझं मत विचाराल तर ३ महिने लावून टाका. दर आठवड्याला हाताने पुसत बसण्यापेक्षा ते कितीतरी खात्रीचं आहे.

ठिकाणांच्या बाबतीत जास्त जपून राहा. पूर्वी 'लोकेशन हिस्ट्री' (टाइमलाइनचं जुनं नाव) बंद केली की आपला माग थांबला असं लोक धरून चालायचे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिलं की वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी चालू असेल तर ठिकाणं तिथे साठत राहतात. त्यावरून अमेरिकेतल्या ४० राज्यांनी गूगलची चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलने ३९.१५ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. तेव्हा दोन्ही पर्याय स्वतंत्रपणे तपासा. टाइमलाइन आता खात्याऐवजी फोनमध्येच साठवली जाते, त्यामुळे दोन फोन वापरत असाल तर दोन्हींवर बघावं लागेल.

आयफोनवर सफारीची हिस्ट्री सेटिंग्जमधून सफारीत जाऊन 'क्लिअर हिस्ट्री अँड वेबसाइट डेटा' या पर्यायाने जाते. आयक्लाउडवर सफारी चालू असेल तर त्याच खात्याच्या आयपॅड आणि मॅकवरूनही जाते. पण आयफोनवर क्रोमही वापरत असाल तर त्याची हिस्ट्री वेगळी, ती क्रोममध्ये जाऊनच पुसावी लागते. आणि तो 'क्लिअर' पर्याय करडा दिसत असेल, दाबताच येत नसेल, तर बहुधा 'स्क्रीन टाइम'मध्ये वेब कंटेंटवर निर्बंध लावलेले असतात. ते काढले की पर्याय चालू होतो. मुलांच्या फोनवर हे निर्बंध पालकांनीच लावलेले असतात, हे मात्र लक्षात घ्या.

कुठे टिक आहे ते न बघणं

डिलीटच्या यादीत हिस्ट्री, कुकीज (साइट्सनी तुम्हाला ओळखण्यासाठी फोनमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी), कॅश (पुन्हा लवकर उघडावं म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स), सेव्ह केलेले पासवर्ड आणि फॉर्ममध्ये आपोआप भरली जाणारी माहिती हे सगळं असतं. पासवर्डवर सहसा आधीपासून टिक नसते, पण 'सगळंच साफ करू' म्हणून लोक ती स्वतः करतात.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणारी मुलं आठवा. युजरनेम आणि पासवर्ड वर्षापूर्वी कधीतरी टाकलेला, तेव्हापासून क्रोमच भरतंय. वहीत कुठे लिहिलेला नाही. नोंदणीला दिलेला नंबर वडिलांच्या जुन्या सिमचा, आणि ते सिम रिचार्जअभावी बंद. अशा फोनमधून पासवर्ड उडवला तर ओटीपी बंद सिमवर जाणार आणि फॉर्मची तारीख निघून जाणार. शिवाय हे पासवर्ड खात्याशी जोडलेले असतात, म्हणून एका फोनवर उडवले तर दुसऱ्या फोनवरूनही जातात. पुसण्याआधी गूगल पासवर्ड मॅनेजर उघडून महत्त्वाचे दोन-चार पासवर्ड कागदावर उतरवून ठेवा.

कुकीज उडवल्या की बहुतेक साइट्सवरून लॉगआउट होतं. ते चालण्यासारखं आहे, पण आधी माहीत असावं.

तशीच गडबड फोनच्या सेटिंग्जमध्ये होते. ॲपच्या स्टोरेजमध्ये 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' शेजारी शेजारी असतात. कॅश पुसण्यात धोका नाही. डेटा पुसला तर ॲप नव्याने टाकल्यासारखं होतं. व्हॉट्सॲपवरचे मेसेज मग फक्त शेवटच्या बॅकअपपुरतेच परत मिळतात. यूपीआय ॲपचा डेटा उडवलात तर बँकेशी जोडलेल्या सिमवरून पुन्हा एसएमएस जावा लागतो, आणि त्या सिमवर एसएमएससाठी बॅलन्स नसेल तर पेट्रोल पंपावर उभं राहून काही उपयोग नाही.

फोनची जागा भरली म्हणून हिस्ट्री पुसत असाल तर तेही सोडा, हिस्ट्रीला जागा फार थोडी लागते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज' उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स तिथे एकत्र दिसतात. जागा खरी तिथेच गेलेली असते.

इनकॉग्निटोवर नको तेवढा भरवसा

इनकॉग्निटो म्हणजे क्रोममधला खासगी टॅब. त्याचा अर्थ एवढाच की टॅब बंद केल्यावर त्या फोनच्या ब्राउझरमध्ये हिस्ट्री उरत नाही. डाउनलोड केलेली फाइल मात्र डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये राहते. त्याच टॅबमध्ये गूगल खात्यात लॉगइन केलंत तर शोध खात्यावर नोंदला जाऊ शकतो. ऑफिसचं वायफाय असेल तर कोणत्या साइटवर गेलात हे तिथे कळू शकतं, आणि इंटरनेट कंपनीलाही. या मोडमध्ये गूगल काय गोळा करतं यावरून अमेरिकेत २०२० मध्ये दावा दाखल झाला. २०२४ मधल्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलने मान्य केलं.

घरातला सामाईक फोन

या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. आपल्याकडे अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो, किंवा फोन सुनेचा असला तरी त्यातलं गूगल खातं नवऱ्याच्या नावाचं असतं. डॉक्टरांच्या तपासण्या, कर्ज, नोकरी, आणि कधी कधी घरातल्या मारहाणीविरुद्ध मदत कुठे मिळेल, असे शोध लपवणं ही तिथे चैन नसते, गरज असते.

अशा वेळी सगळी हिस्ट्री एकदम साफ करणं घातक ठरू शकतं. रोज भरलेली असणारी यादी आज कोरी दिसली की लक्ष ठेवणाऱ्या माणसाला संशय येतोच. त्यापेक्षा फक्त नको ती नोंद काढा. क्रोमच्या हिस्ट्रीत प्रत्येक ओळीपुढे फुली असते, ती दाबली की तेवढीच ओळ जाते. गूगल खात्यावरच्या नोंदी दाखवणाऱ्या 'माय ॲक्टिव्हिटी' या पानावरही एकेक शोध काढता येतो, आणि दोन्हीकडे काढावा लागतो.

पण त्याआधी तपासायची गोष्ट वेगळी आहे: हे खातं आणखी कोणत्या फोनवर चालू आहे? गूगल खात्यात 'सिक्युरिटी'खाली 'युअर डिव्हायसेस' बघा. तिथे दुसऱ्याचा फोन दिसत असेल तर इथे केलेला शोध तिथेही पोहोचू शकतो, मग पुसण्याला फारसा अर्थ उरत नाही. तो फोन यादीतून काढला तरी समोरच्याला ते कळेल. म्हणून असा शोध विश्वासातल्या मैत्रिणीच्या किंवा बहिणीच्या फोनवरून करणं जास्त सुरक्षित. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे. तिथे फोन केल्यावर कॉलच्या यादीतला नंबरही काढायला विसरू नका.

खातं स्वतःचं असेल आणि फोन मात्र सगळ्यांच्या हातात जात असेल, तर 'माय ॲक्टिव्हिटी' उघडताना पुन्हा ओळख पटवावी लागेल अशी सोय त्याच पानावर करता येते. ती फारशी कुणी वापरत नाही, पण चांगली आहे.

फसवणूक झाल्यावर पुसून टाकणं

खोट्या लिंकवर क्लिक झालं, पैसे गेले. घाबरून आणि लाजेनेही माणूस पहिल्यांदा काय करतो, तर हिस्ट्री, मेसेज, कॉल, सगळं डिलीट करतो. कृपया असं करू नका. ती लिंक, तो नंबर, तो मेसेज हाच तुमचा पुरावा आहे. आधी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. वेळ जितकी कमी जाईल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. हिस्ट्रीतल्या त्या साइटचा पूर्ण पत्ता आणि व्यवहाराचा यूटीआर (त्या व्यवहाराची ओळख असलेला) नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्या माणसाने एखादं ॲप टाकायला लावलं असेल तर इंटरनेट बंद करा आणि ॲपच्या नावाचा फोटो दुसऱ्या फोनने घ्या. साफसफाई तक्रार झाल्यावरही करता येते.

पुसूनही न जाणाऱ्या काही गोष्टी

'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' किंवा अश्लील चित्रांच्या नोटिफिकेशन येत राहतात आणि हिस्ट्री कितीदा उडवली तरी थांबत नाहीत. याचं कारण कधीतरी एखाद्या साइटवर 'अलाऊ' दाबलेलं असतं. ती परवानगी हिस्ट्रीबरोबर जात नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' उघडा, अनोळखी साइट ब्लॉक करा. त्रास बहुतेक वेळा तिथेच संपतो. वयस्कर मंडळींच्या फोनवर हे एकदा आवर्जून बघा, कारण त्या नोटिफिकेशनवर टॅप करूनच पुढची फसवणूक सुरू होते.

टाइप करताना जुने शब्द सुचत असतील तर ते कीबोर्डचं काम. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी'खाली शिकलेले शब्द पुसायचा पर्याय असतो. तो खात्रीसाठी स्क्रीनवरचा आकडा टाइप करायला लावतो.

फेसबुकमध्ये उघडलेली लिंक फेसबुकच्याच ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे तिचा डेटा फेसबुकच्या सेटिंग्जमधून पुसावा लागतो.

हे सगळं एका टॅपमध्ये करून देतो म्हणणारी 'क्लीनर' ॲप्स टाकू नका. दुसऱ्या ॲपमधली माहिती पुसायची मुभा अँड्रॉइड त्यांना सहसा देतच नाही, म्हणून ती 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. ती दिली की स्क्रीनवरचं सगळं वाचायची वाट त्यांना मोकळी होते.

फोन विकताना

इथे मात्र हिस्ट्री पुसणं पुरेसं नाही आणि गरजेचंही नाही. बॅकअप घ्या, सेटिंग्जमधून गूगल खातं काढा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता फोनच्या बटणांनी रीसेट केला तर सुरू होताना तो तुमचाच पासवर्ड मागतो आणि घेणारा दुकानात परत येतो. आयफोन असेल तर आधी ॲपल अकाउंटमधून साइन आउट करा. सिम आणि मेमरी कार्ड आठवणीने काढून घ्या. कार्डावरचे फोटो रीसेटने गेले असतीलच असं धरून चालू नका.