कमी बजेटमध्ये पहिली टेलिफोटो झूम लेन्स कशी निवडायची

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ एमएमची किट लेन्स घेऊन ठाणे खाडीकाठी ऐरोलीला गेलात की फ्लेमिंगो म्हणजे चिखलावर पसरलेले गुलाबी ठिपके, एवढंच येतं फोटोत. घरी येईपर्यंत डोक्यात एकच, आता मोठी लेन्स पाहिजे. बरोबरच आहे ते. पण मग होतं काय की माणूस रात्री ऑनलाइन बघत बसतो, ३०० एमएम लिहिलेली सगळ्यात स्वस्त लेन्स दिसते आणि ऑर्डर करून मोकळा होतो. तिथं जरा थांबा. एमएमचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं हे खरं, पण बजेट कमी असेल तर त्या आकड्यामागे धावू नका असं माझं ठाम मत आहे, आधी बघायचं लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय आहे का आणि ती लेन्स तुमच्याच बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, ऑटोफोकस करते का. बाकी सगळं नंतर.

स्टॅबिलायझेशनबद्दल एवढं का बोलतोय ते सांगतो. आपल्या बिगिनर कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी साइजचा, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मपेक्षा लहान असतो, त्यामुळे लेन्सच्या आकड्याला कॅननवर १.६ ने आणि निकॉन, सोनीवर १.५ ने गुणायचं, म्हणजे २५० ची लेन्स कॅननवर ४०० सारखी दिसते आणि ३०० ची निकॉनवर ४५० सारखी. पक्षी जेवढा जवळ येतो तेवढीच तुमच्या हाताची थरथर पण मोठी होऊन येते. जुना हिशोब असा की शटर स्पीड त्या गुणलेल्या आकड्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, म्हणजे इथं किमान १/४०० सेकंद. आता सकाळी सकाळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात झाडाखाली उजेड किती असतो? १/४०० ठेवलं की आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वर जातो आणि फोटोत दाणे दिसायला लागतात. स्टॅबिलायझेशन असेल तर फांदीवर शांत बसलेला पक्षी १/६० ला पण नीट निघू शकतो. फक्त हे लक्षात ठेवा की ते तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याचे पंख नाही. उडणारा बगळा किंवा शिवाजी पार्कवर धावत येणारा बॉलर काढायचा असेल तर १/१००० च्या वरच जावं लागतं, तिथं उजेडच लागतो.

कंपनीप्रमाणे नाव बदलतं, कॅनन आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस. ही अक्षरं लेन्सवर नसतील तर लेन्समध्ये ती सोय नाही, दुकानदार काहीही सांगो.

आता ब्रँडप्रमाणे. कॅननचा डीएसएलआर असेल, १५००डी, २००डी वगैरे, तर फार डोकं चालवू नका, ५५-२५० आयएस एसटीएम घ्या (एसटीएम हे तिच्या फोकस मोटरचं नाव). वजन पावणेचारशे ग्रॅम, फोकस पटकन आणि आवाज न करता होतो, आणि साधारण ८५ सेंटीमीटरपर्यंत जवळचं फोकस होतं म्हणून फुलपाखरांनाही मस्त चालते. हिचीच जुनी भावंडं आहेत एसटीएम न लिहिलेली, फोटो त्यांचेही ठीक येतात, फोकस जरा हळू. कॅननची ७५-३०० पण दिसेल, आकडा मोठा आणि किंमत कमी, पण त्यात आयएस नाही आणि ३०० ला फोटो मऊ येतो. ती नकोच. कॅमेराच अजून घ्यायचा असेल तर डबल किट मिळतं का विचारा, त्यात दुसरी लेन्स ५५-२५० असेल तर वेगळी घेण्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते.

निकॉनवाल्यांनी इथं नीट वाचा कारण खरा गोंधळ निकॉनमध्येच आहे. डी३०००, डी५००० सिरीजच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून एएफ ७०-३०० जी नावाची जी जुनी स्वस्त लेन्स सेकंडहँडमध्ये फिरत असते ती या बॉडींवर बसते, फोटो निघतो, पण ऑटोफोकस होत नाही, हाताने रिंग फिरवत बसायचं. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी असं लिहिलेलं पाहिजे, म्हणजे मोटर लेन्समध्येच असते. त्यात पुन्हा एएफ-पी डीएक्स ७०-३०० ही फार छान लेन्स आहे, हलकी आणि शार्प, पण डी३१००, डी५१००, डी९० असल्या जुन्या बॉडींवर ती फोकसच करत नाही, आणि डी३३००, डी५३०० ला आधी फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं. डी३४००, डी३५००, डी५६०० असेल तर डोळे झाकून घ्या. फक्त एक बघा, या लेन्सचे दोन प्रकार आहेत, व्हीआरवाली आणि बिनव्हीआरची, दोन्ही दिसायला सारख्या, लांबून कळत नाही. जुन्या बॉडीसाठी एएफ-एस ५५-२०० व्हीआर किंवा ५५-३०० व्हीआर बघा.

सोनीच्या ए६००० वगैरेला ५५-२१० ओएसएस. कॅननचा आर५० किंवा आर१०० असा मिररलेस कॅमेरा असेल तर आरएफ-एस ५५-२१० मिळते पण ती झूमच्या टोकाला एफ ७.१ होते, एफचा आकडा मोठा म्हणजे उजेड अजून कमी. त्यापेक्षा अडॅप्टर लावून वर सांगितलेली ५५-२५० एसटीएम लावली तरी व्यवस्थित चालते. उलटं मात्र होत नाही, मिररलेसची आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसत नाही.

या सगळ्या लेन्स टोकाला एफ ५.६, ६.३ किंवा ७.१ च्या असतात आणि या बजेटमध्ये तेवढंच मिळणार, तेव्हा गिरगाव चौपाटीचं रात्रीचं विसर्जन यांनी काढू नका, तिथं ५० एमएम एफ १.८ घेऊन गर्दीत घुसायचं. दिवसा मैदानावर, खाडीवर, समुद्रावर यांना तोड नाही.

खरेदीला फोर्टात बोरा बाजार स्ट्रीटला जा, सीएसएमटीवरून चालत जाता येतं, ओळीने कॅमेऱ्याची दुकानं आहेत, नवीन जुनं सगळं मिळतं. जाताना आपली बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड बरोबर न्या. लेन्स लावा, झूम पूर्ण टोकाला, अपर्चर पूर्ण उघडं (एफचा सगळ्यात लहान आकडा), आणि दुकानाच्या दारातून समोरच्या गल्लीतल्या लांबच्या पाटीवर फोकस करा. शटर १/१०० ठेवून स्टॅबिलायझेशन चालू करून चार फोटो, बंद करून चार फोटो, आणि मागे स्क्रीनवर झूम करून अक्षरं वाचा. चालू असताना अक्षरं सुटी सुटी दिसली पाहिजेत, बंद केल्यावर पसरलेली. फरकच दिसला नाही तर स्टॅबिलायझेशन गेलेलं असू शकतं. मग एखादी सपाट भिंत किंवा दुकानाचं बंद शटर समोरून काढून चारी कोपरे बघा, एकच कोपरा धूसर असेल तर आतली काच सरकलेली असते, ती लेन्स परत द्या.

सेकंडहँड असेल तर दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर काही होत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती फंगस आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडा. मुंबईच्या दमट हवेत हे फार होतं. नवीन घेताना भारतातली वॉरंटी आहे ना, बिलावर सिरियल नंबर लिहिलाय ना, हे विचाराच, कारण बाहेरून आणलेला माल स्वस्त मिळतो पण पुढे सर्व्हिसला त्रास होतो.

आणि लेन्स आली तरी फ्लेमिंगो आपोआप जवळ येत नाहीत, त्यांना भरती आणते. साधारण नोव्हेंबर ते मे ते ठाणे खाडीत असतात. ओहोटीला चिखल लांबपर्यंत उघडा पडतो आणि पक्षी तिकडे आत जातात, पाणी चढायला लागलं की काठाकडे सरकतात. भरतीची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा, आणि भरतीच्या दोनेक तास आधी जागेवर जाऊन बसा. दुपारी जाऊ नका, गरम हवेने लांबचं सगळं थरथरतं आणि कुठलीही महाग लेन्स ते सरळ करू शकत नाही. २५० ला पक्षी फ्रेममध्ये छोटा वाटला तरी चालतं, कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेल असतात, घरी क्रॉप करा.

पावसाळ्यात लेन्स कापडी बॅगेत कपाटात ठेवून देऊ नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, जमलं तर छोटा आर्द्रता मीटर ठेवा आणि काटा ४० ते ५० च्या मध्ये राहील असं बघा. जेलचा रंग बदलला की वाळवून परत टाका. आणि पंधरा दिवसांतून एकदा लेन्स बाहेर काढून खिडकीतून घारींचे, कावळ्यांचे फोटो काढा, वापरात असलेल्या लेन्सला फंगस सहसा लागत नाही.