दिवाळीच्या आवराआवरीतलं सामान देताना

माळा रिकामा करायला घेतलात की पिशव्या भरण्याआधी एक फोन करा. वृद्धाश्रमाला चादरी, टॉवेल हवे असतात, खेळणी नकोत. वसतिगृहाला मोठी पातेली चालतात, काचेचा डिनर सेट नाही. न विचारता नेलेलं सामान तिथल्या कोपऱ्यात पडून राहतं, आणि ते निवडत बसायचं काम आधीच कमी असलेल्या माणसांवर पडतं.

कपड्यांकडे नीट लक्ष द्या. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून द्या. दमट कपड्याची बुरशी सगळ्या गठ्ठ्याला लागते. सलवार-कमीज, साडी-ब्लाउज एकत्र बांधा आणि वर चिठ्ठी लावा: ‘मुलगी, ८ वर्षं’ किंवा ‘पुरुष, स्वेटर’. तुटलेली बटणं, बिघडलेली चेन आधीच दुरुस्त करा. फाटकं कोणाला नेसायला देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. जुनं सुती कापड मात्र वाया जात नाही. १९९९ मध्ये सुरू झालेली ‘गूंज’ ही संस्था त्यापासून मासिक पाळीसाठी कापडी पॅड बनवते. आणि जवळपास कोणी गोधड्या शिवत असेल, तर मऊ सुती लुगडं हवंय का, ते तिला आधी विचारा.

मिक्सर, इस्त्री चालू करून पाहूनच द्या. बंद पडलेली वस्तू ई-कचऱ्यात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या वस्तू गोळा करते.

वस्तूरूपी देणगीवर देणगीसाठीची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही, त्यामुळे त्यासाठी पावती मागू नका.