काफ्काकडे लॉग हळू जातायत? ब्रोकर वाढवण्याआधी या चुका टाळा

परवा रात्री निपाणीहून मित्राचा फोन. त्याचे लॉग, म्हणजे प्रोग्रामनं ओळीओळीनं लिहिलेल्या नोंदी, काफ्काकडं जातात. काफ्का म्हणजे नोंदी घेऊन साठवणारी आणि पुढं देणारी व्यवस्था, आणि ब्रोकर म्हणजे तिचे सर्व्हर. "काय ओ, काफ्का लईच हळू चाललंय. अजून दोन ब्रोकर टाकू काय?" म्हटलं, आहेत त्यांचा सीपीयू बघ आधी. बघितला तर ब्रोकर निवांत बसलेले. गर्दी सगळी पाठवणाऱ्याच्या दारात.

आमच्याकडं हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. समजा एकेका मोळीसाठी एक ट्रॅक्टर लावला, आणि वजनाची पावती हातात पडेपर्यंत दुसरा फडातून हललाच नाही, तर? मित्राच्या कोडमध्ये नेमकं हेच होतं. प्रत्येक सेंडला (send) चिकटून गेट (get), म्हणजे ब्रोकरची पोच येईपर्यंत थ्रेड, प्रोग्राममधला कामाचा एक धागा, थांबलेला. ब्रोकर मुंबईत, लॉग पाठवणारा सर्व्हर बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात. जाऊन-येऊन 20 मिलिसेकंद धरा. एका थ्रेडमधून सेकंदाला 50 ओळी, बस्स. ब्रोकर दोनाचे दहा केले तरी 50 च. पोच कॉलबॅकमध्ये, म्हणजे पोच आल्यावर आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये घ्या, चूक आली तर तिथंच नोंदवा. दर ओळीमागं फ्लश मारणं, म्हणजे साठलेलं ढकलून ते पोचेपर्यंत थांबणं, हाही तोच रोग.

गेट काढलं, वेग वाढला, तरी समाधान होईना. जावा क्लायंटमध्ये (काफ्काकडं पाठवणाऱ्या लायब्ररीत) बॅच.साइझ, म्हणजे एका खेपेचा आकार, मुळात 16,384 बाइट्स असते आणि लिंगर.एमएस, म्हणजे खेप भरायची किती मिलिसेकंद वाट बघायची ते, 4.0 आवृत्तीच्या आधी 0. शून्य म्हणजे कुणासाठी थांबायचं नाही, हातात आहे तेवढं घेऊन निघायचं. लॉग 50 मिलिसेकंद उशिरा पोचला म्हणून कुणाचं काय अडतंय? लिंगर 20 ते 50, बॅच 128 केबीच्या आसपास, इथून सुरुवात करा. मग बॅच-साइझ-एव्हीजी हे मेट्रिक, म्हणजे बॅचचा सरासरी आकार, बघा. ते मर्यादेच्या खूप खाली असेल तर ट्रॉली अजून अर्धी रिकामीच जातेय.

कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा आवळून पाठवणं, मुळात बंद असतं, सुरू करा. लॉगमध्ये तेच तेच शब्द येतात, त्यामुळं तो छान आवळला जातो. पण आवळणं बॅचवर चालतं, म्हणून बॅच न भरता कॉम्प्रेशन लावणाऱ्याला हाती फारसं काही लागत नाही. एलझेड4 सीपीयूवर हलका. नेटची लाइन बारीक असेल तर झेडएसटीडी, तो 2.1 पासून आहे.

काफ्का नोंदी पार्टिशन नावाच्या भागांत वाटतो, आणि कुठली नोंद कुठल्या भागात ते की (key) ठरवते. की म्हणून मशीनचं नाव देणं मला पटत नाही. सगळ्यात बडबड्या मशीनचा सगळा लॉग एकाच पार्टिशनवर कोसळतो. क्रम खरंच लागत नसेल तर की देऊच नका.

आणि वेगापायी ॲक्स (acks) 0 करू नका, म्हणजे ब्रोकरकडं पोच मागणंच सोडू नका. आकडा सुंदर दिसतो, पण ओळी कधी गळाल्या ते कळतही नाही.

सर्वांत वाईट चूक मात्र वेगळीच. नेटची लाइन गेली की क्लायंटचा 32 एमबीचा बफर भरतो, आणि भरल्यावर सेंड स्वतःच 60 सेकंदांपर्यंत अडून बसतो. मित्राकडं त्यामुळं बिलाची स्क्रीन गोठायची आणि शिव्या बिलिंगवाल्याला! ॲप्लिकेशननं लॉग फक्त फाइलीत लिहावा. पुढं पाठवणं फ्लुएंट बिट किंवा फाइलबीटनं करावं. लाइन आली की ते जिथं थांबले तिथून वाचायला लागतात, फक्त फ्लुएंट बिटमध्ये जागा लक्षात ठेवायची डीबी सेटिंग द्यावी लागते. फाइली फिरवून पुसायची मुदत तेवढी लांब ठेवा, नाहीतर वाचायच्या आधीच पुसल्या जातील.