बीडीएसचं टेन्शन: आधी स्वतःचा स्वभाव ओळखा, मग उपाय शोधा

बीडीएसला, म्हणजे दाताच्या डॉक्टरकीला, नवीन आलेल्याला सगळेच सल्ले देतात, योगा कर, मेडिटेशन कर, लवकर झोप, फोन कमी वापर. सगळं बरोबरच आहे हो, पण एकाला जे लागू पडतं ते त्याच्याच रूममेटला पडत नाही, कारण दोघांचं टेन्शन वेगवेगळ्या ठिकाणी असतं. एक जण व्हायव्हाच्या आदल्या रात्री घोरत झोपतो आणि पेशंटच्या तोंडात सिरिंज न्यायची वेळ आली की त्याचे हात थरथरतात, दुसरीचं बरोब्बर उलटं.

त्यात हा कोर्स मधेच रंग बदलतो. पहिली दोन वर्षं म्हणजे जर्नल, कार्व्हिंग (मेणातून दात कोरणं), प्रीक्लिनिकल (पेशंटआधीचा सराव), फँटम हेड (सरावाचं नकली डोकं), तिथे शांत बसून बारीक काम करणाऱ्यांचं राज्य असतं. थर्ड इयरला क्लिनिक पोस्टिंग सुरू झाल्या की समोर जिवंत माणूस येतो, तो उशिरा येतो, तो घाबरतो, तो "तुम्ही स्टुडंट का?" असं विचारतो, आणि मग फर्स्ट इयरचा टॉपर गप्प होतो आणि कार्व्हिंगला दर वेळी रिपीट मिळालेली बडबडी मुलगी एकदम चमकायला लागते. त्यामुळे "मला बीडीएस झेपत नाही" असं ठरवण्याआधी नेमका कुठला भाग झेपत नाही ते शोधा.

शोधायचं कसं? पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल नावाची प्रश्नावली आहे, शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये आणलेली, तिचं १० प्रश्नांचं रूप नेटवर सहज मिळतं. गेल्या महिन्यात कसं वाटलं एवढंच ती विचारते आणि स्कोअर ० ते ४० मध्ये येतो. ताण किती ते कळतं, का ते कळत नाही. का यासाठी दोन आठवडे फोनच्या नोट्समध्ये एक-एक ओळ टाका, कधी पोटात गोळा आला आणि तेव्हा समोर काय होतं, स्टाफ (शिकवणारे डॉक्टर), पेशंट, पुस्तक, मित्र की घरचा फोन. मग सायकॉलॉजीवाले ज्याला बिग फाइव्ह म्हणतात त्यातल्या चार गोष्टी स्वतःला लावून बघा: काटेकोरपणा, काळजी करायची सवय, लोकांत मिसळणं आणि दुसऱ्याचं मन राखणं. पाचवी म्हणजे नवीन गोष्टींची ओढ, ती इथे फारशी नडत नाही. आणि आपण एकाच खोक्यात बसत नाही हेही लक्षात ठेवा, काटेकोरही आणि घाबरटही असे कितीतरी असतात.

काटेकोर लोकांपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे तेच जास्त भरलेत. वॅक्स ब्लॉकमधून अप्पर फर्स्ट मोलर (वरची पहिली दाढ) काढायचा असतो आणि हे लोक अर्धा वेळ त्या कॅराबेलीच्या कस्पवर (दाढेच्या आतल्या बाजूचा छोटा जादा उंचवटा) घालवतात, तो सुंदर येतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत लेक्रॉन (कोरायचं हत्यार) घसरून मेझिओबकल कस्प (गालाकडचा पुढचा उंचवटा) उडतो, मग हॉस्टेलवर येऊन रडारड. यांनी कामाला टप्पे आणि टप्प्याला वेळ बांधून घ्यावा. आधी मापं, मग बकल (गालाकडची) आऊटलाइन, मग प्रॉक्सिमल (शेजारच्या दातांकडची बाजू), मग कस्पची उंची, आणि ग्रूव्ह, फोसा, कॅराबेली वगैरे नक्षीकाम सगळ्यात शेवटी. मोबाइलवर टायमर लावा, टप्पा संपला की पुढे चला, मनाला पटलं नाही तरी चला. स्टाफ आधी प्रपोर्शन बघतो, सेंट्रल इन्सायझरची (समोरच्या दाताची) उंची रुंदीपेक्षा जास्त दिसत नसेल तर पॉलिश कितीही केलंत तरी रिपीटच येणार.

याच्या उलट निवांत मंडळी, "होईल रे". यांना टेन्शन वर्षभर नसतं आणि शेवटच्या महिन्यात सगळं एकदम येतं, कारण कोटा (ठरवून दिलेल्या केसेसचा आकडा) पुस्तकासारखा रात्र जागून पूर्ण होत नाही. कम्प्लिट डेन्चरच (पूर्ण कवळी) बघा ना, प्रायमरी इम्प्रेशन (तोंडाचं पहिलं माप), बॉर्डर मोल्डिंग (कडांचं माप) करून फायनल इम्प्रेशन, जॉ रिलेशन (दोन्ही जबड्यांची जुळणी), ट्राय-इन (मेणातली कवळी घालून बघणं), इन्सर्शन (तयार कवळी बसवणं), म्हणजे आजोबांना किमान पाच वेळा यायला लागतं आणि मधे लॅबवर्क वेगळं. म्हणून डेन्चरचा पेशंट पोस्टिंगच्या पहिल्याच आठवड्यात धरा. फोन नंबर दोन घ्या, एक पेशंटचा आणि एक मुलाचा किंवा सुनेचा, आणि अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी फोन करा. आपल्याकडच्या ग्रामीण कॉलेजात तर कॅलेंडरही बघावं लागतं, पेरणी सुरू झाली की पेशंट गायब, आषाढी वारीला निघालेल्या आजींचं ट्राय-इन वारीहून परत आल्यावरच. पेशंटचं रिक्षाभाडं किंवा एसटीचं तिकीट बरेच स्टुडंट स्वतःच्या खिशातून देतात, तेव्हा त्याचेही पैसे बाजूला ठेवा, महिन्याच्या शेवटी तेही एक टेन्शन होतं.

काळजी करणाऱ्यांचा विषय मोठा आहे. यांना पहिलं एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं) म्हणजे आठवडाभर आधीपासून झोप नाही. "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही, यांना काय करायचं आणि काय बोलायचं ते आधी पाठ असलेलं बरं पडतं. खालच्या दाढेचा ब्लॉक (बधिर करायचं इंजेक्शन) द्यायचाय, तर वाक्यं ठरलेली असू द्या: "काका, मुंगी चावल्यासारखं होईल, डोकं हलवू नका." दिल्यावर लगेच फोर्सेप्स (दात काढायचा चिमटा) उचलू नका, पाच मिनिटं थांबा, मग विचारा "ओठ जड झाला का?", आणि नुसत्या हो वर न जाता प्रोबने हिरडी तपासा. काढायच्या आधी सांगा, "दाब जाणवेल, दुखलं तर डावा हात वर करा." हे एकदा सांगितलं की पेशंट कण्हला तरी तुमचा जीव वरखाली होत नाही, कारण हात वर आलाय का नाही तेवढंच बघायचं असतं. आणि ब्लॉक फेल गेला तर तो अनुभवी डॉक्टरांचाही जातो, सरळ स्टाफला बोलवा.

याच लोकांना स्टाफचं बोलणं सगळ्यात जास्त लागतं, त्यातही पेशंटसमोर ओरडले तर दोन दिवस गेले. दंतविद्यार्थ्यांचा ताण मोजायला गार्बी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अमेरिकेत एक वेगळी प्रश्नावली केली होती, ती आजही वापरात आहे आणि तिच्यात परीक्षा, क्लिनिकचं काम यांच्या जोडीला शिक्षकांचं वागणंही आहे, म्हणजे हे दुखणं जुनं आणि जगभरचं आहे. करायचं एवढंच की बोलण्यातली टेक्निकल ओळ तेवढी वहीत उतरवायची. "तुला साधं इम्प्रेशन जमत नाही, फ्रीनमला रिलीफ कोण देणार, तुझे वडील?" यातलं वहीत जाणार "बकल फ्रीनमला रिलीफ नाही" (म्हणजे गाल-हिरडी जोडणाऱ्या पट्टीला जागा सोडली नाही), बाकीचं कचऱ्यात. पोस्टिंग संपल्यावर डोकी थंड झाली की "मॅडम, कुठली स्टेप चुकली?" असं जाऊन विचारा, बहुतेक जण तेव्हा नीट सांगतात. काही जण तेव्हाही नीट सांगत नाहीत, त्यांचा नाद सोडा आणि पीजीला (एमडीएस करणाऱ्या सीनियरला) विचारा. मात्र बोलणं रोजचं झालं आणि अपमानावर गेलं तर तो तुमच्या स्वभावाचा दोष नाही, तारखा लिहून ठेवा आणि मेंटॉर किंवा एचओडीकडे (विभागप्रमुखाकडे) जा.

अबोल लोकांनी बडबडे व्हायची गरज नाही, पेशंटला गप्पा नको असतात, पुढे काय होणार ते हवं असतं. आणि मन राखणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे अख्ख्या बॅचची जर्नल पूर्ण करायला येतात त्यांनी, एकच वाक्य पाठ करा, "माझं सबमिशन झालं की बघते." नाही म्हणावं लागत नाही आणि समोरचा तोवर दुसरा बकरा शोधतो.

एक टेन्शन असं आहे की ज्याचा स्वभावाशी काही संबंध नाही, ते म्हणजे एमबीबीएस थोडक्यात हुकलं. पुन्हा नीटची (NEET) परीक्षा द्यायची का हा विचार डोक्यात आणि पुढ्यात डेंटल अ‍ॅनाटॉमी, वर नातेवाईक "दाताचा का होईना, डॉक्टर!" म्हणणार. यात लटकत राहणं सगळ्यात वाईट. घरच्यांशी बसून एक तारीख ठरवा, त्या तारखेपर्यंत काय ते एक नक्की करा, आणि तोपर्यंत इथली अटेंडन्स सोडू नका.

शरीराकडेही बघा. जर्नल लिहिताना, फँटम हेडवर काम करताना आपण दात किती आवळतो ते आपल्यालाच कळत नाही, आणि शिकतो तर आपणच की जबडा रेस्टला असताना दातांत २ ते ४ मिलिमीटर अंतर असतं. ओठ मिटलेले, दात सुटे, असं अभ्यासाच्या टेबलावर लिहून चिकटवा. सकाळी उठल्यावर गाल दुखत असतील तर ओरल मेडिसिनच्या ओपीडीत स्वतःचीच केस दाखवा, लाजायचं काय त्यात. झोप उडाली, जेवण जाईना, दोन आठवडे कशातच मन लागत नाही किंवा नको ते विचार येतायत, तर मात्र हे असले उपाय करत बसू नका, सायकियाट्रीच्या डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.

राहिलं एक, क्लिनिकचा पार्टनर. सगळे जिवलग मित्राला घेतात आणि जिवलग मित्र आपल्यासारखाच असतो, मग दोन घाबरट एका चेअरवर. त्यापेक्षा उलट्या स्वभावाचा बघा, तो पेशंटशी बोलेल, तुम्ही केस हिस्टरी आणि सह्या सांभाळा. फक्त कुठला पेशंट कुणाच्या कोट्यात जाणार ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, फायनल इयरला आठ विषयांचे कोटे एकदम अंगावर येतात तेव्हा एका मोलरच्या आरसीटीवरून (रूट कॅनलवरून) बोलणं बंद झालेल्या जोड्या दर बॅचमध्ये असतात.