स्नायू, सांधे आणि लिगामेंट एकत्र कसे चालतात, स्वतःच्याच अंगावर चेक करा

आकृत्या बघून हे डोक्यात शिरत नाही, त्यापेक्षा हात लावून बघा. आधी एवढंच लक्षात ठेवा की लिगामेंट हाडाला हाडाशी बांधतं, टेंडन स्नायूला हाडाशी, आणि स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता अजिबात येत नाही, त्यामुळे एक स्नायू सांधा वाकवणार आणि सरळ करायला दुसरा लागणार.

पाण्याने भरलेली बाटली हातात घ्या, दुसऱ्या हाताने दंड धरा. कोपर वाकवून बाटली वर आणली की पुढचा बायसेप्स कडक होतो, हे सगळ्यांना माहितीये. गंमत पुढे आहे. बाटली अगदी हळू खाली न्या. हात सरळ होतोय म्हणजे मागचा ट्रायसेप्स लागला असणार असं वाटतं ना? दाबून बघा, तो बऱ्यापैकी मऊच असतो आणि बायसेप्स अजूनही कडकच, कारण हात खाली न्यायचं काम वजनच करतंय आणि बायसेप्स लांब होत होत ब्रेक लावतोय. डोंगर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात ना, त्या मुख्यतः याच प्रकारच्या कामामुळे. ट्रायसेप्स बघायचाच असेल तर तळहात टेबलावर ठेवून जोरात खाली दाबा.

आता घट्ट मूठ वळा आणि मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा. मूठ ढिली पडते. बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपराखाली असतात, टेंडन मनगटावरून बोटांपर्यंत जातात, मनगट वाकवलं की स्नायू आधीच आखूड झालेला, अजून ओढणार काय?

गुडघ्यासाठी खुर्चीत बसा, गुडघा 90 अंशात, बोटं वाटीच्या खालच्या हाडाच्या उंचवट्यावर. टाच टेकवून पाऊल आत-बाहेर फिरवा, उंचवटा थोडा सरकतो. पाय ताठ केला की लिगामेंट ताणली जातात, गुडघा लॉक होतो, मग फिरतो तो खुब्यातून अख्खा पाय.

शेवटी भिंतीजवळ एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा (सांधा दुखत किंवा सुजलेला असेल तर हे नकोच). डगमग लगेच वाढते, आणि आता तोल सांभाळायचा तो कानातल्या यंत्रणेवर आणि स्नायू, टेंडन, लिगामेंटमधल्या सेन्सरवर. घोटा मुरगळल्यावर हे सिग्नल बिघडू शकतात, म्हणून सूज उतरल्यावरही फिजिओ हाच व्यायाम करायला लावतात आणि नेमका तोच लोक टाळतात.