निगा राखलेली जुनी शिडाची बोट विकताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मरीनांमध्ये (बोटी ठेवायच्या बंदरांमध्ये) १९७० आणि १९८०च्या दशकांतल्या फायबरग्लासच्या शिडाच्या बोटी आजही पुष्कळ दिसतात. वेस्टर्ली सेंटॉर, कॉन्टेसा ३२, निकल्सन ३२, रसलर ३६. त्या काळी बोटीचं कवच चांगलं जाडजूड घडवत, त्यामुळे नीट सांभाळलेल्या बोटी अजूनही लांबच्या सफरी करतात. २०२२ साली सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे माजी अधिकारी अभिलाष टॉमी यांनी रसलर ३६ मधूनच जगप्रदक्षिणा केली आणि दुसरा क्रमांक पटकावला. तरीही नवं इंजिन, नवी शिडं, नवं वायरिंग घातलेली अशी बोट कित्येकदा महिनोन् महिने विकली जात नाही. तिच्यावर इतकी मेहनत घेतलेली असताना ती पाचरांवर उभी राहून पावसात खराब होताना पाहणं फार वाईट वाटतं. इंग्लंडमध्ये ज्या मराठी मंडळींकडे अशी बोट आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

फोनच येत नसतील तर

भाव तपासा. मालक बोटीची मूळ किंमत धरतो, त्यात इंजिनाचा, शिडांचा, गाद्यांचा खर्च मिळवतो आणि तो आकडा जाहिरातीत टाकतो. घेणारा असा हिशेब करत नाही. त्याच जातीची, त्याच वर्षाची साधारण स्थितीतली बोट कितीला जाते हे तो पाहतो आणि तुमच्या बोटीसाठी त्यावर थोडी भर घालतो. इंजिन आणि रिगिंग (डोलकाठी-शिडांच्या तारा आणि दोर) नवं असेल तर ही भर बऱ्यापैकी असते. चार्टप्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारं यंत्र) आणि इतर इलेक्ट्रॉनिक्सची जवळजवळ शून्य, कारण ती दरवर्षी जुनी होत जातात. रीफिटचा, म्हणजे बोट नव्याने सजवण्याचा पैसा तुम्ही सुखाने समुद्रावर फिरलात त्यात वसूल झाला, असंच धरून चाला. भाव काढताना जाहिरातींतल्या किमतींवर विसंबू नका, त्या फक्त मागण्या असतात. प्रत्यक्षात सौदे कितीला झाले, ते एखाद्या ब्रोकरला विचारा. चढ्या भावाच्या हट्टापायी मरीनाचं भाडं मात्र दर महिन्याला भरावं लागतं.

लोक बघून जातात, पण परत येत नाहीत

बहुतेकदा कारण वास असतं. डिझेल, ओल, शौचालयाच्या जुन्या नळ्या. झुळझुळीत पडदे लावले तरी हा वास दबत नाही. नळ्या बदला, बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचणारी जागा) कोरडा करा, गाद्या उन्हात घाला. आपलं खाजगी सामान उतरवून टाका, म्हणजे कपाटं उघडून आतपर्यंत बघता येईल.

दोन गोष्टी चांगल्या हेतूने केल्या जातात आणि अंगाशी येतात. पहिली, गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणं. जाणकार माणूस आल्या आल्या इंजिनाला हात लावून पाहतो. ते गरम लागलं की गार असताना सुरू व्हायला कुरकुरत असणार, असा त्याचा समज होतो. इंजिन गारच ठेवा आणि त्याच्यासमोर सुरू करा. दुसरी, विक्रीच्या तोंडावर बिल्जला ताजा रंग देणं. रंगाखाली काय लपवलंय, हीच शंका आधी येते. साबणाने घासलेला जुना रंग जास्त विश्वास देतो.

सर्व्हेनंतर सौदा मोडतो

सर्वाधिक नुकसान इथे होतं, कारण तोवर घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून सर्व्हेअरची, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाची फी भरलेली असते आणि वाईट बातमी ऐकून तो बिथरतो. म्हणून सर्व्हेअर जे शोधणार आहे, ते तुम्ही आधी शोधा.

डोलकाठीला तोलून धरणाऱ्या तारा वरून चकचकीत दिसतात, पण टोकांच्या फेरूल्समध्ये (धातूच्या टोपणांमध्ये) बारीक तडे असू शकतात. बरेच विमेवाले साधारण १० ते १५ वर्षांनी त्या बदलायला सांगतात. बदलल्या असतील तर रिगरचं (तारा बसवणाऱ्या कारागिराचं) तारीख असलेलं बिल काढून ठेवा. नसतील तर तसं स्पष्ट सांगा आणि भावात ते धरा.

तळाच्या झडपा, म्हणजे सीकॉक, साध्या पितळेच्या असतील तर खाऱ्या पाण्यात त्यांतलं जस्त झिजतं. खरवडल्यावर धातू गुलाबी दिसला की ती झडप गेली. कांस्य किंवा डीझेडआर (जस्त झिजू न देणारं पितळ) धातूच्या झडपा बसवणं फार खर्चाचं काम नाही, आणि सर्व्हेच्या अहवालातली एक भीतीदायक ओळ त्याने टळते. इंजिन सेलड्राइव्हचं (तळातून थेट खाली उतरणाऱ्या पायाला पंखा जोडलेलं) असेल तर रबरी डायफ्रॅमची तारीखही बघा. व्होल्व्हो पेंटा ही इंजिन कंपनी तो दर ७ वर्षांनी बदलायला सांगते.

ऑस्मोसिसबद्दल (फायबरग्लासमध्ये पाणी मुरून फोड येण्याबद्दल) लोक उगीच गांगरतात. जुन्या फायबरग्लासमध्ये थोडी ओल असतेच. बोट पाण्यातून नुकतीच काढली असेल तर ओल मोजणारा मीटर जास्त आकडा दाखवतो, म्हणून सर्व्हेच्या काही आठवडे आधी ती जमिनीवर घ्या. आणि कृपया नवं अँटिफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग) त्याआधी फासू नका. सर्व्हेअरला ते जागोजागी खरवडावंच लागतं, आणि घेणाऱ्याच्या मनात नसलेला संशय उगवतो.

डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत फिरा. टणक आवाजाच्या जागी बद्द आवाज आला, तर आतल्या बाल्सा लाकडात पाणी शिरलेलं असू शकतं. स्टँचन (कठड्याचे खांब) आणि क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंट्यांच्या) बोल्टांभोवती हे आधी होतं. ही दुरुस्ती जमत नसेल तर जाहिरातीतच लिहा. आधी सांगितलेला दोष भावाच्या बोलण्यात निभावतो. सर्व्हेअरने शोधलेला दोष मात्र बाकीच्या प्रत्येक शब्दावर सावट आणतो.

कागद

मालकीची साखळी जोडणारी जुनी विक्रीखतं, इंजिनाच्या सर्व्हिसची नोंद, शिडांच्या धुण्याशिवण्याच्या पावत्या एका फाइलीत तारखेप्रमाणे लावा. ब्रिटनच्या नोंदणीतल्या स्मॉल शिप्स रजिस्टरचं (छोट्या बोटींच्या साध्या यादीचं) प्रमाणपत्र मालकीचा पुरावा नाही. त्याच नोंदणीतली पार्ट वन नोंदणी मात्र मालकी आणि गहाण, दोन्ही दाखवते.

ब्रेक्झिटनंतर एक प्रश्न हमखास येतो: ३१ डिसेंबर २०२०च्या रात्री बोट कुठे होती? त्या वेळी ती ब्रिटनमध्ये असेल तर युरोपीय संघाच्या दृष्टीने तिचा जुना व्हॅट-भरलेला दर्जा संपला, आणि फ्रान्स-स्पेनच्या गिऱ्हाइकाला तिकडे व्हॅट भरावा लागू शकतो. त्या काळाची मरीनाची पावती जपून ठेवा. मूळ व्हॅटचं बिल असेल तर सोन्याहून पिवळं.

इसार घ्याल तो छापील करारावर, सर्व्हेच्या अटीसह घ्या. प्रचलित रक्कम १० टक्के असते. पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्याची बँकेकडून खात्री करा, मगच विक्रीखतावर सही करा. "चुकून जास्त पैसे पाठवले, जादाचे परत करा" असं कोणी म्हणालं तर व्यवहार तिथेच थांबवा, ती फसवणूक असते.

चाव्या देतानाच इपर्ब बीकनची (संकटात उपग्रहामार्गे मदत मागणाऱ्या यंत्राची) आणि रेडिओची नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करायला लावा. ती तुमच्या नावावर राहिली आणि उद्या कुणी संकटात बटण दाबलं, तर तटरक्षक दलाचा फोन तुम्हाला येईल आणि बोट कुठे आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही.